हनोखसाठी दहा जण

८ जून १९८२, मंगळवार

सकाळच्या पाळीत तीन बाळंतपणं. दोन मुली, एक मुलगा. सगळी सुखरूप. टँकर अकरापर्यंत आला नाही, म्हणून बाळांना ओल्या फडक्याने पुसून घेतलं. मुलगा मुरुडच्या बाईचा. तिची आई म्हणाली, सिस्टर, हिलाबी तुम्हीच काढली होती. मला आठवत नाही. नोंदवहीत असेल.

रेडिओवर लेबनानच्या लढाईची बातमी. वॉर्डातल्या बायका विचारतात, तुमचा हनू तिकडंच ना? माझा मुलगा हनोख इस्राएलला आहे, पण लढाईत नाही. तो मालाच्या बोटीवर इंजिनियर आहे. महिनाअखेर एलातच्या बंदरातून खत भरून पूर्वेकडे निघणार. परत यायला सप्टेंबर. समुद्रावर कोण गोळ्या घालणार? मी सगळ्यांना हेच सांगितलं.

तेवीस वर्षांचा आहे. लातूरच्या मुलांपैकी बोटीवर इंजिनियर दुसरा कोणी नाही. मी विचारून पाहिलं आहे.

१४ जून

लातूरचा जिल्हा होणार म्हणून सरकारी नोकरांच्या याद्या चालल्या आहेत. कारकून फॉर्म घेऊन वॉर्डात आला. नाव लेआ झिराडकर. हुद्दा परिचारिका. नोकरी एकतीस वर्षं. धर्माच्या रकान्यात मी 'ज्यू' सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे ख्रिश्चनच ना बाई? मी म्हणाले, त्यांच्या आधीचे. मग मुसलमानांसारखं? त्यांच्याही आधीचे. तो म्हणाला, इतके जुने आणि घर एकच?

लातुरात एकच, मी म्हणाले. आमचे लोक कोकणातले. माझे आजोबा अलिबागजवळ तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आता बरेच इस्राएलला गेले. माझा मुलगाही तीन वर्षांपूर्वी गेला.

पतीच्या नावापुढे मी रेघ मारायला सांगितली. विधवा लिहू का, त्याने विचारलं. रेघच राहू द्या, मी म्हणाले.

२७ जून

मृग कोरडा गेला. गल्लीतल्या नव्या बोअरला दोनशे फुटांवर धूळ लागली. दिवसभर त्या मशिनचा आवाज सहन केला, तो फुकट.

संध्याकाळी शेजारचे गुरुपादप्पा ओट्यावर बसून माझा रेडिओ ऐकत होते. त्यांची तेलाची मिल आहे. त्यांच्या तिन्ही पोरी माझ्या हातच्या. बातम्यांत सांगितलं, अरबी समुद्रात सोकोत्रा बेटाच्या बाजूला मोसमी वारे फार जोरात आहेत. गुरुपादप्पा म्हणाले, तिकडं जोर हाय म्हंजे इकडं येतंयच की. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

४ जुलै, रविवार

हनोखचं पत्र. १२ जूनचं. दोन महिन्यांनी एक येतं. लढाईमुळे टपाल रेंगाळतं.

लिहितो, "आई, इंजिनचा आवाज अगदी बोअरच्या मशिनसारखा आहे. पहिल्या दिवसापासून मला त्यात छान झोप लागते. बाकीचे कानात कापूस घालतात. पोहायला अजून शिकलो नाही, त्यावरून सगळे हसतात. मी त्यांना सांगितलं, आमच्या गावी नदी बघायची तर फोटोत बघतात."

बोअरच्या मशिनचा आवाज त्याला कुठून आवडायला लागला? घरात तर त्या विषयाला बंदीच होती. शाळेत असल्यापासून दर सुट्टीत तो नांदेडला मित्राच्या काकांच्या वर्कशॉपात जायचा. मशिनची गोडी त्याला तिथेच लागली. मीही कधी अडवलं नाही. हाताला वळण लागलं ते त्या काकांमुळे. त्यांचे आभार मानायचे राहून गेले.

१० जुलै, शनिवार

तार आली. शनिवारी मी टपाल फोडत नाही. महानंदाने, गुरुपादप्पांच्या बायकोने, फोडली आणि वाचली. मुंबईहून माझ्या थोरल्या भावाची, बिन्यामीनभाऊंची. हनोखच्या बोटीचा संपर्क तुटला. शोध चालू. धीर धर.

महानंदा तारेचा कागद हातात धरून उभीच राहिली. मी तिला म्हणाले, संपर्क तुटला म्हणजे बोट तुटली असं नाही. आमच्या दवाखान्याचा फोन महिन्यातून दहा दिवस बंद असतो.

१३ जुलै

दोन बाळंतपणं. एक पायाळू. डॉक्टर शिरूर अनंतपाळला शिबिरासाठी गेलेले. मी एकटीने सोडवलं. हात एकदाही चुकला नाही. मुद्दाम लिहून ठेवते.

१८ जुलै, रविवार

भाऊ स्वतः आले. दारात चपला काढताना त्यांना वेळ लागला तेव्हाच मला कळलं.

बोट ३ जुलैला बुडाली. सोकोत्राच्या दक्षिणेला. चोवीस माणसं होती. सहा वाचली. हनोख त्यांत नाही. शुक्रवारी शोध थांबवला.

भाऊंना कुणी कळवलं ते मी विचारलं. तार आली म्हणाले. कुणाची, हे सांगताना ते चष्मा पुसत होते, मग दुसरंच बोलायला लागले.

बुडालेल्या माणसाचे दिवस, शोध सोडला हे ज्या दिवशी कळतं त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे आज पहिला. सात दिवस जमिनीवर बसायचं. तिसावा दिवस १६ ऑगस्टला, सोमवारी. रिवाजाप्रमाणे गळ्यापाशी ब्लाउज फाडला. तीस दिवस शिवायचा नाही. पुरुष असते तर दाढीही वाढवावी लागली असती.

मी रडले नाही. रडणारीने प्रश्न विचारायचे राहून जातात आणि मला विचारायचं होतं. पाणी थंड होतं का? भाऊ म्हणाले, नाही, त्या भागात समुद्र गरम असतो.

२४ जुलै

सात दिवस संपले. गाव येऊन गेलं. मी काढलेली पोरं आपल्या पोरांना घेऊन आली. महानंदाने दोन्ही वेळचं जेवण पाठवलं. लिंगायताच्या घरचं आम्हाला चालतं, त्यात मांसाचा प्रश्नच नसतो.

निघण्याआधी भाऊ म्हणाले, तिसाव्याला मुंबईला ये. आपल्या सिनेगॉगमध्ये रोज दहा जण असतात. इथे कद्दीश कशी होणार?

मृताच्या मागे म्हणायची ती प्रार्थना म्हणजे कद्दीश. ती एकट्याने म्हणता येत नाही. आपल्या समाजाचे दहा पुरुष हजर असावे लागतात. नऊ असतील तर नाही. देवाचा नियम आहे आणि चांगला आहे. माणसं जमवायला लावणारा नियम.

मी म्हणाले, इथेच होईल. तो इथे जन्मला. त्याचं शरीर कुठे आहे माहीत नाही. निदान नावाला तरी गाव असावं. मुंबईच्या नातेवाइकांनी एकतीस वर्षं मला विचारलंय, त्या जंगलात कशी राहतेस? त्या जंगलात ते एकदा येऊ देत.

भाऊ म्हणाले, हट्ट आहे तुझा. मी म्हणाले, हो.

२६ जुलै

कामावर हजर. फाटलेल्या जागेवर युनिफॉर्मची पिन लावली.

पेंटर दवाखान्याच्या पाटीवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवतो आहे. 'लातूर' पूर्ण झालं, 'जिल्हा' उद्या. ज्याला त्याला थांबून बघावंसं वाटतं. मीही थांबले.

संध्याकाळी भाऊंचं पत्र आणि माझी यादी जुळवली. भाऊ, त्यांचे दोन मुलगे आणि मुंबईचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, असे चार. पुण्याचा आतेभाऊ पाच. औरंगाबादचे बँकेतले दोघे भाऊ सात. कुर्डुवाडीचे रेल्वे गार्ड आठ. नांदेडचे निवृत्त फॉरेस्टवाले अशेरकाका नऊ.

भाऊंनी शेवटी एक ओळ लिहिली आहे. दहावा कुठे आहे ते तुला माहीत आहे.

२८ जुलै

एक माणूस कमी पडतोय हे महानंदाकडून गुरुपादप्पांना कळलं. सकाळी ते मिलवरचे दहा जण घेऊन दारात. सगळे अंघोळ करून, टोप्या घालून. एवढ्या टंचाईत अंघोळ. त्यांत व्यंकटी मुकादम होता आणि तेलाचे डबे उचलणारा निवृत्तीही होता.

"सिस्टर, एक कमी पडून राहिला म्हणं. तुम्ही येकाचं काय घेऊन बसलात? दहाच्या दहा आणले. मोजून घ्या."

त्यांना चहा दिला. मग सांगितलं की माणसं चांगली आहेत, पण आमच्यात हे जन्माचं लागतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी भीत होते. गुरुपादप्पा म्हणाले, बरोबर हाय. आमच्यातबी पूजेला अय्याच्या जागी दुसरा बसवला तर चालत न्हाई, मग तो कलेक्टर का असंना. निवृत्ती म्हणाला, मंग आम्ही बाहीर हुबं राहतो. बाहीरचं मोजत न्हाईत ना?

नाही मोजत, मी म्हणाले. उभे राहा.

२९ जुलै

आज आमचा उपासाचा दिवस. यरुशलेमचं मंदिर पडलं तो. कोकणात याला बिरड्याचा सण म्हणतात, उपास सोडताना वालाचं बिरडं खातात म्हणून. माझ्याकडचे वाल गेल्या वर्षीचे, किडके निघाले. निवडून मूठभर राहिले, तेवढेच शिजवले.

दहाव्याचा विचार करते आहे. त्याचं नाव या वहीत दहा वर्षांत लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात तो सरकारी बोअरच्या मशिनवर होता. मशीन गावोगाव गेलं, शेवटी हिमायतनगरला एका विधवेच्या वाड्यात उभं राहिलं. मशीन परत आलं, तो आला नाही. हनोख तेव्हा तेरा वर्षांचा. मी हनोखला सांगितलं, आपल्या घरात आता दोन माणसं आहेत आणि दोन पुरेत. त्याने मान डोलावली. शहाणा मुलगा. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

पत्र लिहून बोलवावं तर पत्राच्या सुरुवातीला काहीतरी लिहावं लागतं. प्रिय लिहू का श्री? त्यापेक्षा जाऊन यावं.

३ ऑगस्ट, मंगळवार. नांदेड, अशेरकाकांकडे

काल जाऊन आले. जसं घडलं तसं लिहिते.

युनिफॉर्म घालून गेले. बिल्ला लावला. मुदखेडला गाडी बदलली. हिमायतनगरच्या स्टेशनात बोअरवाले झिराडकर विचारलं, तर हमालाने घरापर्यंत आणून सोडलं. बोअरवाल्याला तिथे मान आहे असं दिसलं.

तो ओट्यावर बसला होता. म्हातारा झालाय. शर्ट गळ्यापाशी फाटलेला, दाढी वाढलेली. त्या बाईला सुईदोरा धरता येत नसावा. बाई आतून आली. सरजाबाई नाव. पन्नाशीची, काळीसावळी, हाताला काम असलेली. तिने तांब्या आणला. तिकडेही पाणी विकतच घेतात, तरी तांब्या भरलेला होता. तो ठेवून ती आत गेली.

मी म्हणाले, हनोख गेला. तो म्हणाला, माहीत आहे, भाऊंना तार मीच केली. आणि आतून एक पाकीट आणून दिलं. वाचलेल्या सेकंड इंजिनियरचं पत्र, इंग्रजीत. पाकिटावर पत्ता हिमायतनगरचा. मला वाटलं चुकून तिकडे गेलं असेल. पण लातूर आता जिल्ह्याचं गाव होतंय, ते सोडून कंपनीला हिमायतनगर कुठून माहीत?

पत्रात असं होतं. पुढच्या कोठारात पाणी शिरलं. खत भिजून जड झालं. बोट एका बाजूला कलली. इंजिनच्या खोलीतून सगळ्यांना वर बोलावलं. तुमचा मुलगा आमचा ऑइलमन होता. तो म्हणाला, पंप माझ्याशिवाय बंद पडेल, बाकीचे होड्यांत बसेपर्यंत मी चालवतो. पंप अकरा मिनिटं चालला. तेवढ्यात एक होडी उतरली. त्या होडीत मी होतो.

दोनदा वाचलं. मग म्हणाले, तो इंजिनियर होता.

"तेल घालायचा, लेआ," तो म्हणाला. "चांगलं घालायचा. मीच शिकवलं."

मी विचारलं, केव्हा? तो म्हणाला, सुट्टीत इथंच असायचा.

भिंतीवरच्या तारेला हनोखची निळी विमानपत्रं टोचलेली होती. माझ्याकडे आहेत त्याहून बरीच जास्त. मी मोजली नाहीत.

मी कामाचं बोलले. सोळा तारीख, सोमवार, सकाळी आठ, लातूर. नऊ आहेत. तो लगेच येतो म्हणाला. मग आतल्या दाराकडे बघून म्हणाला, "ती पण येईल. सात वर्षं तिनं त्याला जेवू घातलंय. तिला इथं ठेवून मी एकटा येणार नाही."

मी पाणी प्यायले आणि निघाले. हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. स्टेशनपर्यंत तो दहा पावलं मागे चालत आला.

५ ऑगस्ट

लातूर. काही लिहावंसं वाटत नाही. टँकर वेळेवर आला.

७ ऑगस्ट, शनिवार

काल संध्याकाळी शब्बाथचा, आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावला आणि तेव्हापासून एकच विचार. मुंबईला गेलं तर दहा तयार आहेत. त्या बाईचं तोंड बघावं लागणार नाही. भाऊंना नुसती तार करायची, येते.

खरं ते लिहिते. मला राग तिचा नाही. हनोखने सात वर्षं मला नांदेडच्या वर्कशॉपचे काका सांगितले. मी काकांसाठी दर दिवाळीला करंज्या बांधून द्यायचे. त्या कुणी खाल्ल्या?

आणि तेलवाला. सगळ्या गावाला मी इंजिनियर सांगितलं. त्याने लिहिलं म्हणून सांगितलं. त्याने का लिहिलं? कारण मला तेच ऐकायचं होतं हे त्याला माहीत होतं. एवढं मला कळतं.

८ ऑगस्ट

सकाळी गुरुपादप्पांकडे तेल आणायला गेले. मिल चालू होती. न राहवून त्यांना सांगितलं की हनोख इंजिनियर नव्हता, इंजिनात तेल घालणारा होता. मला वाटलं ते गप्प बसतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही वेडंवाकडं बोलले.

"मंग त्यात काय? सिस्टर, माझ्या मिलमधे मालक मी, म्यानेजर सिद्धलिंग. आम्ही दोघं आठ दिस आलो न्हाई तरी मिल चालतीय. तेलवाला ज्ञानोबा दोन तास आला न्हाई तर बेअरिंग जळतंय, मिल बंद. इंजिनियर लोक कागदावर असतेत हो."

ज्ञानोबाला हाक मारून त्यांनी माझ्यापुढे उभं केलं. हात कोपरापर्यंत काळे. मी त्याच्याकडून समजून घेतलं, तेल कसं घालतात, पंपाला एकट्याने चालू ठेवायचं तर काय करावं लागतं. एक हात तेलाच्या कुपीवर, एक हात झडपेवर, कान सगळीकडे, तो म्हणाला. मध्येच सोडून जाता येत नाही. बाळंतपणासारखंच आहे.

माझा मुलगा अकरा मिनिटं तसा उभा होता. आता विचारलं तर हेच सांगणार. तेल घालत होता.

घरी येऊन पोस्टकार्ड लिहिलं. प्रिय नाही, श्री नाही. एकच ओळ. सोमवारी सोळा तारखेला सकाळी आठला दोघांनी यावं. पेटीत टाकायच्या आधी 'दोघांनी' खोडावं असं एकदा वाटलं. पेन घरी राहिलं होतं.

१५ ऑगस्ट, रविवार

दवाखान्यात झेंडावंदन. गावभर कमानी, पताका. बसगाड्या भरून माणसं येत आहेत. भाऊ आणि मुंबईची मंडळी कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीने दुपारी पोचली, गार्डसाहेब बरोबर. भाऊंचा धाकटा मुलगा म्हणाला, आत्या, ही सगळी सजावट कशासाठी? मी म्हणाले, जिल्ह्यासाठी. पण तुम्ही आलात त्या दिवशी आहे, एवढं लक्षात ठेवा.

औरंगाबादचे दोघे संध्याकाळी आले. पुण्याचा आला. अशेरकाका आले. गादी-सतरंज्या महानंदाकडून. पाण्याचे दोन पिंप गुरुपादप्पांनी मिलवरून पाठवले. एवढ्या आमच्या माणसांना या घराने कधी पाहिलं नव्हतं. ते हात धुवायला उठले की दाराशी रांग लागत होती. मला ती रांग बघत बसावीशी वाटली.

नऊ. हिमायतनगरहून उत्तर नाही. हझान म्हणाले, दहा झाले नाहीत तर तहिलीम म्हणू, स्तोत्रं, तीही चांगलीच असतात. मी म्हणाले, चांगली असतील.

१६ ऑगस्ट, सोमवार

सहाला उठले. सातला सगळे तयार. साडेसातला निवृत्ती आणि मिलचे लोक बाहेर ओट्यापाशी येऊन उभे राहिले, टोप्या घालून. चौकातल्या लाउडस्पीकरवर सनई चालू होती.

आठ वाजले. भाऊंनी घड्याळ पाहिलं. मी पाहिलं नाही. हझान म्हणाले, थांबू थोडं. मंडळी सतरंजीवर बसली, उठली, पुन्हा बसली. आठ वाजून वीस मिनिटांनी बाहेरून निवृत्तीचा आवाज आला, सिस्टर, पावनं आलेत.

रस्ते बंद होते म्हणून बसने त्यांना गावाबाहेर सोडलं होतं. तिथून चालत आले. तो सरळ आत गेला, दारावरच्या मेझुझाला, देवाच्या वचनाच्या डबीला, हात लावून ओठांना लावला, दहावा उभा राहिला. भाऊंनी त्याला आपली टोपी दिली आणि स्वतः डोक्यावर रुमाल बांधला.

सरजाबाई उंबऱ्याबाहेरच थांबली होती. पायांवर धूळ, पदर डोक्यावरून. मी बाहेर जाऊन म्हणाले, आत या. ती म्हणाली, मी हितंच बरी हाय, बाई. मी म्हणाले, आत बायकांची जागा आहे आणि तिथे मी एकटीच आहे.

ती माझ्यामागून आली. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलो.

पुरुषांनी पश्चिमेकडे, यरुशलेमच्या दिशेला, तोंड केलं. हझानांनी सुरुवात केली. मग बापाने कद्दीश म्हणायची. मला वाटलं त्याला पुस्तक लागेल. त्याला पाठ होती. कधी केली कोण जाणे. माझ्या घरात असताना त्याने प्रार्थनेचं पुस्तक उघडलेलं मी पाहिलं नाही. आवाज मोठा होता, मशिनवर काम करणाऱ्यांचा असतो तसा. जिथे म्हणायचं तिथे नऊ जणांनी आमेन म्हटलं. दुसऱ्या आमेनला बाहेरच्यांनीही म्हटलं. ते मोजत नाहीत. पण मला ऐकू आलं.

लातुरात कद्दीश झाली. माझ्या मुलाची. हे मी इथे लिहून ठेवते.

सरजाबाईने हात जोडले होते. तिने हळूच विचारलं, "काय म्हणून राहिलेत?"

मी म्हणाले, देव मोठा आहे, त्याचं नाव मोठं असो, असं. तिने विचारलं, मरणाचं कवा येतंय? मी म्हणाले, यात मरणाचा शब्दच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती थोरवी.

"म्हंजी रडायचं न्हाई?"

"नाही."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "हनूला रडलेलं आवडत नव्हतं. माझी म्हैस मेली तवा म्या रडाय लागले तर उठून रानात गेला. परत आला ते वैरणीचा भारा घेऊन, दुसऱ्या म्हशीला."

मला हे माहीत नव्हतं. मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं आणि त्याच्यासमोर रडलेही नव्हते. त्याला काय आवडत नव्हतं हे मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, आम्हा दोघांना एकसारखंच आवडतं.

आत हझान पुढचं म्हणत होते. मी तिच्याकडे तोंड केलं.

"आणखी काय आवडत नव्हतं त्याला?" मी विचारलं.